काळ्याकुट्ट जोडप्याची भानगड आणि औंढ्याचं स्थळ

शिव शिव! कन्नडच्या आळीला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड आहे म्हणून आम्हालाच नावं ठेवतात. आमची मजल जास्तीत जास्त समोरच्या ओट्यापर्यंत. आणि हे भौतिकशास्त्रवाले बघा! एकशे तीस कोटी प्रकाशवर्षं दूरच्या संसाराला कान लावून बसतात, त्यासाठी चार-चार किलोमीटरच्या पोकळ नळ्या टाकतात, आणि पकडले गेले की लाजायचं सोडून नोबेल घेतात. २०१७ साली तिघांनी घेतलं.

भानगड अशी. दोन कृष्णविवरं होती. एकाचं वजन छत्तीस सूर्यांइतकं, दुसऱ्याचं एकोणतीस. एकमेकांभोवती किती काळ घिरट्या चालल्या होत्या कोण जाणे, शेवटी व्हायचं ते झालं, दोघं एक झाली. आता छत्तीस आणि एकोणतीस मिळून पासष्ट होतात, हे आमच्या भाजीवालीलाही कळतं. पण नवं घर भरलं बासष्टांचं. मग मधले तीन सूर्य गेले कुठे? उधळले! गुरुत्वीय लहरी होऊन चहूकडे उधळले. आमच्याकडे लग्नात एखादा एकर विकतात तर गावभर बोभाटा होतो, इथे तीन सूर्य उडवले तरी कुणी चकार शब्द काढत नाही.

त्या उधळपट्टीची चाहूल आपल्याकडे पोचली १४ सप्टेंबर २०१५ ला. सोमवार होता, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं, म्हणजे ऐन चहाची वेळ. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे ‘लायगो’ नावाचे दोन कान आहेत, त्यांनी ती टिपली. सगळा मामला सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचा. त्या क्षणात नळ्यांतल्या आरशांमधलं अंतर जे काही हललं, ते प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही कितीतरी लहान. एवढ्याशा हालचालीवरून एवढी मोठी बातमी उठवायला काय नजर लागते! त्यात आपल्या माणसांचाही हात आहे, हे सांगायला हवं. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं हेच गणित मांडत बसले होते, की गोंगाटाच्या ढिगातून कामाचा तेवढा सूर वेचायचा कसा. आमच्या आळीत हे कसब जन्मजात असतं, तो भाग वेगळा.

आणि कान किती तिखट! हॅनफर्डला एकदा यंत्रात कसलीशी टकटक यायला लागली. शोधशोध केली तर डोमकावळे निघाले. थंड नळीवर जमलेला बर्फ तहानेने टोचत बसले होते. हे यंत्र कन्नडला आणलं असतं तर? कृष्णविवरं राहिली बाजूला, शास्त्रज्ञ आयुष्यभर औट्रम घाटातल्या गाड्यांचे गिअर ऐकत बसले असते. तरी पण पोटात दुखतंच हो. आम्ही इतकी वर्षं घाटाखालून बोगद्याच्या गप्पा ऐकतोय, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशा दोन नळ्या होणार, ज्यांतून सायकलसुद्धा जायची नाही. आत हवाही ठेवणार नाहीत म्हणे!

बरं, हे स्थळ काही पहिल्यांदा आपल्याला सांगून आलेलं नाही. अमेरिकेकडे यंत्राचा एक संच जास्तीचा होता, तो आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केला. त्यांनी खर्चाचा आकडा पाहिला आणि २०११ मध्ये नकार कळवला. मग आपल्याकडे बोलणी आली. आपल्यालाही फायदा होता आणि त्यांनाही, कारण लांबच्या जागी आणखी एक कान असला की आवाज आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातून आला ते नेमकं सांगता येतं. ११ फेब्रुवारी २०१६ ला लहरी सापडल्याची घोषणा झाली, आणि सहा दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता. एवढ्या घाईचा साखरपुडा मी पाहिलेला नाही. पुढे मात्र सगळं नेहमीच्या चालीनं. पैशाची पक्की मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडला, २६०० कोटी रुपये. मे महिन्यात पायाभरणी. मधल्या सात वर्षांत कृष्णविवरांच्या कितीतरी जोड्या जमल्या आणि ऐकूनही झाल्या.

त्यातली ताजी खबर तर फारच खमंग. १४ जानेवारी २०२५ ला अशीच एक जोडी ऐकू आली, आणि आवाज इतका स्वच्छ की हॉकिंग या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये सांगितलेलं ताडून बघता आलं. एक झाल्यावर नव्या विवराचं क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी होत नाही, असं त्याचं म्हणणं. आधीची बेरीज साधारण दोन लाख चाळीस हजार चौरस किलोमीटर, नंतरचं क्षेत्र चार लाखांच्या घरात. म्हणजे लग्नाआधी दोघं मिळून महाराष्ट्रात मावत होती, लग्नानंतर महाराष्ट्र पुरेना. वजन घटलं आणि घेर वाढला! आमच्या वहिनींना हे सांगितलं तर त्या दिवसभर बोलल्या नाहीत.

दरम्यान माहेरी काय चाललंय? अमेरिकेच्या सरकारने २०२५ मध्ये पुढच्या वर्षाचा जो अर्थसंकल्प सुचवला, त्यात विज्ञानाच्या पैशाला मोठी कात्री होती आणि लायगोच्या दोन कानांपैकी एक बंद करावा, असंही होतं. सुचवणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, की एका कानाने ऐकलेली गोष्ट आमच्या आळीतसुद्धा पक्की धरत नाहीत. हॅनफर्डचे डोमकावळे ओळखता येतात ते लिव्हिंग्स्टनला ते नसतात म्हणून.

आपल्याकडे तरी पैशाची काय ऐट? संशोधनावरचा देशाचा खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. म्हणून २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी, आणि त्यातले छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून येतील असा हिशेब. उद्योगपती आणि देतील? गावभर हशा पिकला.

मी हसले नाही. कारण घाट उतरला की पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचं नाव तिथल्या रानाशी जोडलेलं आहे, आणि मोबाइलवर रोज सकाळी कुणीतरी ‘न्यूटनच्या आधी आपणच’ असं पाठवतंच. भास्कराचार्यांनी पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते असं लिहिलं, हे खरं. न्यूटनचा नियम त्यात नाही, हेही तितकंच खरं. पण हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी तिथल्याच पाटणचा शिलालेख किती जणांना ठाऊक आहे? शके ११२८ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेख संस्कृतात, पण शेवटी पैशाचा विषय आला की भाषा मराठी होते! व्यापाऱ्यांनी काय द्यायचं ते त्यात आहे, आणि चालत्या घाण्यामागे पळीभर तेल आहे. ग्रहगोलांच्या गणितासाठी. त्या गणिताने तेल्याच्या घाण्याला एक दाणाही जास्त मिळणार नव्हता, तरी.

म्हणून आमच्याकडच्या लाकडी घाण्यावाल्या भाऊंना विचारलं, औंढ्याच्या नळ्यांसाठी एक पळी द्याल का? त्यांनी नळ्या कसल्या ते विचारलं नाही. म्हणाले, ‘‘ताई, करडईची की शेंगदाण्याची ते आधी बोला. भावात लई फरक हाय.’’