नळदुर्गचा किल्ला आणि गोडं तेल : एक ईटकेंद्री प्रबंध

१. विषयप्रवेश

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात ईट नावाचं गाव आहे. इंग्रजी शिकलेल्याने ही पाटी वाचली तर ती त्याला 'खा' म्हणून फर्मावते. हिंदी भाषकाला तिच्यात वीट दिसते. गावकरी दोन्हींकडे दुर्लक्ष करून तिथे सुखाने राहतात. जेवण आणि बांधकाम या दोन्ही खात्यांची सोय दोन अक्षरांत करणारं दुसरं गाव प्रस्तुत अभ्यासकाला आढळलेलं नाही, म्हणून केंद्र म्हणून ईटची निवड केली आहे. प्रश्न दोनच. माणूस एक गोष्ट दोनदा का सांगतो? आणि ताटात काय वाढलंय ते एकदाही नीट का सांगत नाही?

२. भूगोलातली पुनरुक्ती

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याच्या २२ जागा मोजल्या आहेत. त्यांतली एक 'पुनरुक्त'. तेच पुन्हा बोललात की हरलात. हा नियम काटेकोरपणे लावला तर अख्खा धाराशिव जिल्हा उभ्या उभ्या वाद हरतो. भूम म्हणजे भूमी, तरी माणूस 'भूमला जमीन' घेतो. कुंथलगिरीत गिरी आहे, तरी चढायचा तो 'कुंथलगिरीचा डोंगर'. दुर्ग म्हणजे किल्ला, तरी सहल जाते 'नळदुर्गच्या किल्ल्याला'. २०२३ साली उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं. तेव्हापासून पत्ता सांगताना 'धाराशिव, म्हणजे उस्मानाबाद' असा एकाच जिल्ह्याचा दोनदा उच्चार होतो आणि ऐकणारा दोन्ही वेळा मान डोलावतो.

जगाचंही काही वेगळं नाही. इंग्लंडात एव्हन नावाच्या एकाहून जास्त नद्या आहेत. मूळ केल्टिक शब्दाचा अर्थच नदी, म्हणजे 'रिव्हर एव्हन' ही नदी नदी झाली. सहारा म्हणजे अरबीत वाळवंट. शाळेत मात्र आपण 'सहाराचं वाळवंट' पाठ केलं आणि गुणही मिळवले.

३. कार्यालयीन व रस्त्यावरची पुनरुक्ती

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. पुनरुक्तिदोष त्यांना ठाऊक नसेल असं संभवत नाही. त्यांनी सहा अंक दिले. शेपूट आपण लावलं. पिन म्हणजे 'पोस्टल इंडेक्स नंबर', तेव्हा 'पिनकोड नंबर सांगा' म्हणणारा कारकून नंबर, कोड आणि पुन्हा नंबर असा तीन पदरी आकडा मागतो आणि त्याला तो मिळतोही. 'पॅन नंबर', 'एटीएम मशीन', 'एलपीजी गॅस' याच घराण्यातले. 'जीएसटी टॅक्स' दोनदा म्हटला तरी एकदाच भरावा लागतो, ही शासनाची कृपा.

रस्त्यावर ट्रॅक्टरवाल्याला हाळी येते, 'रिव्हर्स मागं घे, मागं!' फोनवर निरोप जातो, 'रिटर्न परत ये.' बारकाईने पाहता पहिला शब्द रुबाबासाठी असतो आणि दुसरा खड्डा चुकवण्यासाठी.

ही खोड इंग्रजीने लावली, हा समज खोटा आहे. कागदपत्र, बाजारहाट, थट्टामस्करी या जोड्या पाहा : एक पाय फारसी-अरबीत, दुसरा आपल्या अंगणात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीत उर्दू, घरी मराठी. अशा मुलखात एक शब्द साहेबासाठी आणि एक स्वतःसाठी जवळ ठेवणं शहाणपणाचंच. इंग्रजांनीही तेच केलं. १०६६ साली नॉर्मन आले आणि पुढे कायद्याची भाषा फ्रेंच झाली. आता इंग्रज माणूस मृत्युपत्राला 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतो. एक शब्द देशी, एक परका. मरणारा मात्र एकच.

४. तेल प्रकरण

हे या प्रबंधाचं हृदय आहे. तेल हा शब्द 'तैल'पासून आला आणि तैल म्हणजे तिळाचं. म्हणून 'तिळाचं तेल' ही पुनरुक्ती आणि 'करडईचं तेल' ही अशक्य गोष्ट. तरी मराठवाड्याने कित्येक पिढ्या हीच अशक्य गोष्ट भाकरीवर घेऊन खाल्ली. इंग्रजांचीही गत तीच. 'ऑइल'चं मूळ ऑलिव्हच्या झाडात, म्हणजे त्यांचं 'ऑलिव्ह ऑइल' हे आपलं तिळाचं तेल.

आता रॉकेल घ्या. रॉक ऑइलचं झालं रॉकेल, आणि त्याला कुणी 'रॉकेल तेल' म्हटलं की व्युत्पत्तीने खडक, ऑलिव्ह आणि तीळ एकाच डब्यात येतात. डब्यात तीनही नसतात. कंदील मात्र पेटायचा.

५. खाद्यनामांची टंचाई

रॉकेल जाळायचं; खायच्या तेलाला मात्र 'गोडं तेल' म्हणतात. ते गोड नसतं. हिंदीत मीठा म्हणजे गोड, आपलं मीठ खारट. वरणफळात फळ नसतं. मासवडीत मासा फक्त आकारापुरता. आत तीळ, खोबरं, लसूण, आणि ती माळकरीही खातो. बार्शी-करमाळ्याकडच्या बाजार आमटीत डाळी असतात, बाजार नसतो. धपाटा तेवढा प्रामाणिक : थापताना जसा आवाज होतो, तसाच पाठीत बसतानाही.

भूम भागाचं वैभव म्हणजे खवा. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध भट्टीवर हलवत आटवलं की किलोभर खवा उतरतो; हात थांबला की खाली करपतो. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचा अर्थ असा की नावात जो मुलूख आहे, वस्तू तिथलीच असावी. पण हाच खवा मळून, तळून पाकात सोडला की त्याचा 'गुलाबजाम' होतो. त्यात जांभूळ नाही आणि खवा तर नावातच नाही! राहता राहिला गुलाब. तो मुळात फारसी गुल आणि आब, म्हणजे फूल आणि पाणी. तेव्हा पाकात 'गुलाबपाणी' घालणारा आचारी पाण्यात पाणी घालतो, जे दुधाबाबत केलं तर गुन्हा ठरतं.

इंग्रजीत 'स्वीटब्रेड' गोडही नाही, पावही नाही. ती जनावराची ग्रंथी असते. 'बॉम्बे डक' हा आपला बोंबील, बदकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

६. सिद्धान्त

यावरून अर्थाच्या अक्षय्यतेचा ईट-सिद्धान्त मांडता येतो : भाषेतला एकूण अर्थ कायम असतो; डोंगर, किल्ले आणि कचेऱ्या यांवर तो जास्त खर्च झाला की स्वयंपाकघरात तुटवडा पडतो.

७. आक्षेप आणि खंडन

शुद्धतावादी म्हणतील, हा सगळा गोंधळ आहे. मग एक प्रयोग करावा. पोराला पिशवी देऊन दुकानात पाठवावं आणि 'पाव ब्रेड आण, अन् एक लिटर गोडं तेल' एवढंच सांगावं. पाव हा पोर्तुगीज ब्रेडच. तरी पोरगं दोन पुडे आणत नाही, आणि तेलात साखर घालून मागत नाही. नावाने वस्तूचं वर्णन करावं अशी गावात कुणाची अपेक्षाच नसते. नावाने वस्तू घरी आली म्हणजे झालं.

शिवाय गौतमानेच पळवाट ठेवली आहे. काही हेतूने केलेला पुनरुच्चार तो दोष मानत नाही. त्याला 'अनुवाद' म्हणतो आणि माफ करतो. 'रिव्हर्स' न कळलेल्यासाठी 'मागं', 'धाराशिव' न कळलेल्यासाठी 'उस्मानाबाद'. ऐकणारा मागे राहू नये, याहून मोठा हेतू कुठला? सबब धाराशिव जिल्हा वाद जिंकला असं जाहीर करण्यात येत आहे.

८. शिफारस

गुलाबजामचं नाव बदलून 'खवापाक' करावं, अशी सूचना मसुद्यात होती. ती मागे रिव्हर्स घेतली आहे.