क्लिप नसलेली क्लिप

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या भाच्याला ‘क्लिपलेस’ बूट हवेत. नावावर जाऊ नका, हे बूट पेडलला खटकन अडकतात. जुन्या पेडलवरचा पिंजरा, म्हणजेच ‘क्लिप’, आणि पट्टा गेला, म्हणून क्लिपलेस! 1984 साली फ्रान्सच्या ‘लूक’ने स्कीला बूट अडकवणाऱ्या बाइंडिंगवरून हे पेडल काढलं; 1985 मध्ये बर्नार इनो त्यावर टूर द फ्रान्स जिंकला. आमचा गडी साड्यांचे गठ्ठे लादलेल्या टेम्पोंमधून वाट काढत शिकवणीला जातो.

दुकानात सर्वांत लहान माप छत्तीस, पाय तेहतीसचा. “दोन मोजे घाला,” दुकानदार म्हणाला. किंमत ऐकून दाजी गप्पच; अख्खी सायकल त्याहून स्वस्तात आली होती. शिवाय बुटाखालची, पेडलला अडकणारी पट्टी वेगळी घ्यायची, पेडलही वेगळं.

कुणाच्या पोराचे लहान झालेले असे बूट पडून असतील, तर कळवा. तोवर स्लिपर आहेच.