त्रुटी पूर्तता

बायको, दोन मुलगे, दोन सुना आणि दिवसभर अंगणात किंचाळणारी नातवंडं एवढा गोतावळा असूनही साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे ‘बेवारस काका’ म्हणतात. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. उलट फोन उचलल्यावर तेच सांगतात, “हां, बेवारसच बोलतोय. कोण गेलं?”

काका जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झाले. नोकरीत त्यांचं काम एकच होतं. समोर आलेल्या बिलात त्रुटी काढायची आणि ते परत पाठवायचं. तालुक्यातले ठेकेदार त्यांच्या टेबलासमोर उभे राहताना आधी देवाचं नाव घ्यायचे. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने काकांनी ही कला घरात वापरून पाहिली. वाण्याच्या यादीवर शेरे मारले, दुधाच्या हिशेबाला हरकत घेतली. शेवटी काकूंनी त्यांना हात जोडून घराबाहेर काढलं, आणि एका शेजाऱ्याच्या मेहुण्याचं जुनं पासबुक त्यांच्या हाती लागलं. तेव्हापासून काका काउंटरच्या अलीकडे उभे आहेत. जन्मभर त्रुटी काढल्या, आता ते त्रुटींची पूर्तता करतात.

त्यांची काळी रेक्झिनची पिशवी हा कॉलनीतल्या मुलांच्या कुतूहलाचा विषय आहे. आत स्टॅपलर, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, गोंदाची बाटली, अनेक मृत माणसांचे पासपोर्ट फोटो आणि चष्म्याच्या जुन्या घरात जपून ठेवलेली रेव्हेन्यू तिकिटं. चष्मा मात्र खिशात असतो, दोरीने बांधलेल्या काडीसकट.

लोकांना वाटतं, बँकेत पैसे विसरले की बँक ते गिळते. असं कुणी म्हटलं की काका खुर्ची पुढे ओढतात. दहा वर्षं ज्या खात्याला कुणी हात लावला नाही, त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. 2014 पासूनची ही व्यवस्था. जातात म्हणजे बुडत नाहीत. खातेदार किंवा वारस कधीही आपल्या बँकेत अर्ज करून ते मागू शकतो. मार्च 2024 अखेर या निधीत 78,213 कोटी रुपये पडून होते. हा आकडा काका इतक्या अभिमानाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, चाव्या यांच्याकडेच आहेत. कंपन्यांच्या लाभांशाचं वेगळं. तो सात वर्षं कुणी घेतला नाही की केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो, आणि लागोपाठ सात वर्षं घेतला नाही तर पाठोपाठ शेअरही जातात. विम्याचे पैसे दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत. “म्हणजे बघा,” काका समजावतात, “सरकारने प्रत्येकाच्या विसरभोळेपणाची वेगळी फाइल केलीय.”

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं आणि काकांना दुसरं तारुण्य आलं. खातेदाराचं नाव टाकायचं, बँका निवडायच्या, पॅन किंवा जन्मतारखेसारखी एखादी खूण द्यायची की खातं आहे की नाही ते कळतं. किती पैसे आहेत ते मात्र कळत नाही. हे न कळणंच काकांच्या धंद्याचं भांडवल. आकडा दिसला असता तर निम्मे लोक घरी बसले असते. आकडा दिसत नाही म्हणून मधल्या काळात माणसं सोफ्याचं कापड निवडून ठेवतात. धंदा म्हणायचं ते सवयीने, एरवी काका कुणाचा पैसाही घेत नाहीत. टक्केवारी मागणाऱ्या एजंटांचं नाव काढलं तरी त्यांचा रक्तदाब वाढतो. फी म्हणून चहा चालतो. फक्त तो बशीत ओतून पिताना त्यांनी मांडलेलं प्रकरण शेवटपर्यंत ऐकावं लागतं, आणि ते चहापेक्षा महाग पडतं.

कुणाच्या घरी सांत्वनाला काका आले की मंडळी सावध होतात. ते हात जोडतात, “फार वाईट झालं” म्हणतात, दोन मिनिटं फोटोकडे बघतात. मग हळूच विचारतात, “मृत्यूचे दाखले किती काढलेत?” तीन म्हटलं की त्यांचा चेहरा पहिल्यांदा खरा दुःखी होतो. “तीन? अहो, दहा काढा. प्रत्येक ऑफिसला ओरिजिनल दाखवावं लागतं.” तेराव्याच्या जेवणात जिलेबी वाढली जात असताना त्यांनी पंगतीतल्या चार भावंडांची पॅन कार्डं गोळा केल्याचं सगळ्यांनी पाहिलंय. गंमत म्हणजे तेव्हा नाकं मुरडणारेच महिन्याभराने पासबुकांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभे असतात.

त्या पासबुकांवरच्या निम्म्या बँका आज नाहीत. काकांचं तिथे काही अडत नाही. सोयरीक जुळवणाऱ्या जुन्या माणसाला कुठल्या घरची लेक कुठे दिली ते जसं तोंडपाठ असतं, तसं त्यांना बँकांचं सासर पाठ आहे. “कराड बँक? ती 1994 ला बँक ऑफ इंडियात. आपल्या साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 2006 ला आयडीबीआयकडे. त्याच वर्षी कुरुंदवाडची गणेश बँक फेडरलच्या घरी. सांगली बँक पुढच्या वर्षी आयसीआयसीआयला. देना नि विजया, दोघी एकाच मांडवात, 2019 ला बँक ऑफ बडोदात.” युनायटेड वेस्टर्नचं नाव घेताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. पहिल्या पगाराचं खातं तिथे होतं.

बँक सापडते. माणूस सापडणं अवघड. कारण मराठी माणूस एका आयुष्यात निदान चार नावांनी वावरतो. पासबुकात डी. जी., शेअर सर्टिफिकेटवर दत्तात्रय, आधारवर दत्तात्रेय आणि मृत्यूच्या दाखल्यावर दत्तोपंत. इंग्रजी स्पेलिंगांची कथा त्याहून वेगळी, एका ठिकाणी शेवटी ‘ए’ आहे तर दुसरीकडे नाही. हे चौघे एकच होते असं प्रतिज्ञापत्र करताना त्यांच्या मुलालाच क्षणभर शंका येते. बायकांच्या बाबतीत तर काका आधी पाणी पितात. एका आजींनी लग्नाआधी खातं काढलं तेव्हा त्या कुसुम होत्या. सासरी त्यांची वसुंधरा झाली, आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि कुसुमचे पैसे कुसुमच्याच नावावर राहिले. साठ वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंदणी कोण करत होतं? काकांनी आजींच्या ट्रंकेतून लग्नपत्रिका शोधून काढली आणि हळदीच्या डागासह तिची झेरॉक्स जोडली. बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, “हा डाग कसला?” काका म्हणाले, “तोच तर पुरावा आहे.”

कोर्टाच्या वारस दाखल्याचा विषय निघाला की काका इतिहासात शिरतात. आपल्याकडे हा दाखला मिळतो तो मुंबई इलाख्याच्या 1827 सालच्या आठव्या रेग्युलेशनखाली. “एल्फिन्स्टन साहेबाच्या काळातला! पेशवाई जाऊन नऊ वर्षं झाली होती फक्त,” असं ते सांगतात तेव्हा समोरच्याला आपलं प्रकरणही तेव्हापासूनच प्रलंबित असावं असं वाटू लागतं. नॉमिनी असलो म्हणजे मालक झालो, अशा आनंदात कुणी आला तर डिसेंबर 2023 मधला सुप्रीम कोर्टाचा शेअरबद्दलचा निकाल त्याला ऐकवला जातो. नॉमिनीने पैसे घ्यायचे, खायचे वारसांनी. एवढं ऐकून बरेच नॉमिनी चहा अर्धा टाकून जातात.

काकांचा लाडका फॉर्म म्हणजे गुंतवणूकदार निधीचा पाच नंबरचा. त्याच्या जोडीला आगाऊ पावती द्यावी लागते. पैसे मिळायच्या आधीच ते मिळाले असं रेव्हेन्यू तिकिटावर लिहून द्यायचं. सामान्य माणूस इथे चिडतो. काका मात्र तिकीट जिभेला लावून ओलं करतात, चिकटवतात, आणि सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर येईल अशी घेतात. “ज्याने हे कलम लिहिलं,” ते मान डोलवत म्हणतात, “त्याच्या हाताखाली मला काम करायला मिळायला हवं होतं.” दुसऱ्याने काढलेल्या चांगल्या त्रुटीला दाद देणारा एवढा दिलदार माणूस मी पाहिलेला नाही.

मागे दोन सख्खे भाऊ त्यांच्याकडे आले. म्हणजे वेगवेगळे आले, वेगवेगळ्या दिवशी. गावच्या घरावरून त्यांचं बोलणं कधीचंच बंद होतं. वडिलांची एक ठेव निघाली होती, नॉमिनी कुणीच नाही, आणि एकाची ना हरकत असल्याशिवाय दुसऱ्याला पैसे नाहीत. काकांनी दोघांना एकाच वेळी बोलावलं, स्टॅम्प पेपर टेबलाच्या मधोमध ठेवला. शंभराचा हा पेपर ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा झालाय, हे आधीच सांगून चूक करायची नाही अशी तंबी दिली. थोरल्याने सही केली आणि पेन धाकट्याला न देता टेबलावर ठेवलं. धाकट्याने स्वतःचं पेन काढलं. शाई निळी निघाली, थोरल्याची काळी. काकांनी पेपर फाडला नाही, पण बघितलं असं की धाकट्याने मुकाट्याने थोरल्याचं पेन उचललं. पैसे आले तेव्हा ते दोघांच्या रिक्षाभाड्याला जेमतेम पुरले. भाऊ पुन्हा बोलू लागले, हे खरं. पण झेरॉक्सचे पैसे कुणी द्यायचे यावर.

असली प्रकरणं बघून काकांचं एक मत झालंय, आणि ते मला पटतं. हा पैसा सरकारने दडवलेला नसतो. तो आपल्याच घरातल्या माणसांनी एकमेकांपासून दडवलेला असतो. आपल्याकडचा बाप मूळव्याधीचं वर्णन पाहुण्यांसमोर करील, पण ठेव कुठल्या बँकेत आहे ते बायकोला सांगणार नाही. बायको पोस्टातली आवर्ती ठेव डाळीच्या डब्याखाली ठेवणार. मुलाला कळलं तर तो मागेल, सुनेला कळलं तर ती मोजेल, भावाला कळलं तर तो उसने घेईल. मग सगळे जातात आणि गुपित तेवढं तीन टक्के सरळ व्याजाने वाढत राहतं.

काकांच्या स्वतःच्या घराण्यात मात्र उद्गमवर काही म्हणजे काही निघत नाही. वडील प्राथमिक शिक्षक. जाण्याआधी त्यांनी प्रत्येक खातं बंद करून चार आण्यापर्यंतचा हिशेब वहीत लिहून ठेवला होता. काका ती वही दाखवतात, पानं उलटतात आणि खिन्न होतात. “एक त्रुटी नाही हो. एकसुद्धा!”

हल्ली त्यांना आणखी एक काळजी लागली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम सोपे केले. वाद नसेल तर मृत खातेदाराच्या 15 लाखांपर्यंतच्या रकमेसाठी व्यापारी बँकांनी कोर्टाचा दाखला मागायचा नाही, आणि कागद पूर्ण झाले की 15 दिवसांत प्रकरण निकाली काढायचं. कॉलनीने आनंद व्यक्त केला. काका दोन दिवस जेवले नाहीत. “पंधरा दिवसांत?” ते म्हणाले. “अहो, तेवढ्यात आमची नीट ओळखसुद्धा होत नाही.”

पण शेअरवाल्यांनी अजून त्यांना तारून ठेवलंय. परवाच पंचाहत्तरीचे एक गृहस्थ परत आलेला अर्ज घेऊन आले. शेरा होता, सही 1988 च्या सहीशी जुळत नाही. तेव्हा त्यांचा हात थरथरत नव्हता, एवढाच फरक. “काका,” ते हताश होऊन म्हणाले, “हे पैसे हातात पडेपर्यंत मी काही राहत नाही.”

काकांनी पिशवी उघडली आणि एक कोरा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

“मग बँकेचं नॉमिनेशन तरी आज भरून टाका. नोव्हेंबर 2025 पासून चार नावं चालतात. आणि चौघांचीही स्पेलिंगं आधारवर आहेत तशीच घाला!”