बुरन्या, बिबडे आणि कलम 291

"कुत्रा कोणाचा?"

केस पेपरवरून मान वर न करता सिस्टरनं विचारलं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात मी 31 वर्षं काढली. 'माल कोणाचा?' हा प्रश्न हजारो लोकांना विचारला आणि समोरचा जरा चाचरला, की मनातल्या मनात त्याच्यावर व्हार्फेज लावून मोकळा झालो. आज मात्र मी खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभा होतो. डाव्या अंगठ्याला बायकोचा रुमाल गुंडाळलेला, आणि रुमालावरचं मोराचं नक्षीकाम हळूहळू लाल होत चाललेलं.

"माझाच," मी म्हणालो.

"घरचाच का? मग लस दिलेली असेल. कार्ड आणलंय?"

"कार्ड पुण्याला आहे."

"आणि कुत्रा?"

"इथं. भुसावळला."

रांगेत मागून आवाज आला, "म्हंजे माल एका गाडीनं न् बिल्टी दुसऱ्या गाडीनं!" सगळी रांग हसली. भुसावळात कुठल्याही रांगेत दोन-चार माणसं रेल्वेची निघतातच. इथं इज्जत जायची तर तीही रेल्वेच्याच भाषेत जाते.

कुत्रा मुळात माझा नव्हे, मुलाचा. मुलगा पुण्याला नोकरीला. फेब्रुवारीत तो हा लॅब्रॅडोर घेऊन आला आणि म्हणाला, "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, बाबा. फ्लॅट बदलतोय." 'थोड्याच वेळात' येणाऱ्या गाड्यांची वाट बघण्यात माझी हयात गेली, तरी मी फसलो. मे उजाडला तेव्हा मुलाचा फ्लॅट बदलून झाला होता, कुत्रा इथंच होता. पुण्यात त्याचं नाव ब्रूनो. आमच्या गल्लीनं आठवड्याभरात त्याचा 'बुरन्या' केला.

या जातीचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे, बर्फासारख्या पाण्यात उड्या मारून जाळी ओढणारे. त्यांचा हा वंशज मे महिन्यात, पारा 45 पार गेलेला असताना, भुसावळात. घरात कूलर एकच. पहिल्या आठवड्यात तो कूलरसमोर बसायचा आणि आम्ही बाजूला. दुसऱ्या आठवड्यात तो आडवा झाला आणि आम्ही ओसरीवर आलो. ओसरीवर आधीपासून आमचा मिठू होता, पिंजऱ्यात. नऊ वर्षांचा. स्टेशनची घोषणा ऐकून ऐकून तो 'यात्रीगण, यात्रीगण' एवढं अगदी स्पष्ट म्हणतो. पुढचं येत नाही, त्यामुळे कुठली गाडी किती लेट आहे ते कधीच कळत नाही. म्हणजे थोडक्यात खरीच घोषणा.

बायको म्हणाली, "द्या ना पाठवून पुण्याला. तुमचीच रेल्वे." आता कुत्र्याच्या प्रवासाचे नियम मला झोपेतही येतात. एसी फर्स्टचं आख्खं कूपे आपल्या नावावर असेल तर कुत्रा मालकासोबत जातो. नाहीतर गार्डच्या ब्रेकव्हॅनमधल्या डॉग बॉक्समधून. एसी थ्री-टियर, स्लीपर, जनरल, कुठंही नाही. चोरून नेला आणि सापडला तर लगेजच्या दराच्या सहापट वसुली. पहिला पर्याय पेन्शनीला झेपणारा नाही. आणि दुसरा? त्या डॉग बॉक्सच्या पावत्या मी स्वतः फाडलेल्या आहेत. मे महिन्यात त्या पत्र्याच्या खणाला हात लावला की चटका बसतो. पाठवला नाही. बायकोला सांगितलं, "नियमात बसत नाही." खोटं होतं, पण ऑफिशियल वाटलं.

खरी कटकट सुरू झाली ती रात्रीची. बुरन्याला गाडीचा हॉर्न ऐकला की उत्तर द्यायची सवय लागली. खेड्यातल्या स्टेशनाजवळ ही सवय खपून गेली असती. पण हे भुसावळ. मुंबईहून नागपूरकडे जाणारी, इटारसीकडे जाणारी, सुरतकडची, शिवाय यार्डातल्या मालगाड्या. रात्रभरात जेवढ्या गाड्या, तेवढे निरोप. शेजारचे नाना आठ दिवसांनी मारुतीच्या पारावर म्हणाले, "भाऊ, याले काही तरी करा. गाडीची सवय होती आमाले, गार्डची नव्हती."

एवढं साधं बोलणं. पण मी नियमांत वाढलेला माणूस. संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं 26 फेब्रुवारी 2015 चं परिपत्रक काढायला सांगितलं. पानं बरीच होती आणि पान दोन रुपये. म्हटलं, आपल्या बाजूची तेवढी काढा.

दुसऱ्या दिवशी पारावर फाईल उघडून मी वाचन केलं. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे जादा पैसे घेता येत नाहीत. भुंकतो हे कुत्रा काढून टाकण्याचं कारण होऊ शकत नाही. वर 2021 मधल्या केरळ उच्च न्यायालयाच्या निकालाची फोडणी दिली: प्राणी पाळू नका असा सोसायटीचा नियमच बेकायदा. आणि शेवटी राज्यघटनेचं कलम 51 क, भूतदया हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य.

नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, आपल्या गल्लीत लिफ्ट कुठी आहे?"

मी म्हणालो, "मुद्दा तत्त्वाचा आहे."

आठवड्याभरात तत्त्व भिंत ओलांडून गेलं.

नानींचे बिबडे वाळत होते. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: बिबडं म्हणजे ज्वारीचा पापड नव्हे, उन्हाळ्याचा यज्ञ आहे. ज्वारी भिजवायची, कांडायची, आंबवायची, मोठ्या पातेल्यात लसूण-मिरची-तीळ घालून घाटत शिजवायची आणि ओल्या कापडावर एकेक थापून कडक उन्हात वाळवायची. गल्लीतल्या चार बाया पहाटे चारला उठून खपल्या होत्या. पाच किलो ज्वारी. आमची आणि नानांची गच्ची शेजारी, मध्ये दोन फुटी भिंत. बुरन्याला मी दिवसभर साखळीला बांधत असे, पण त्या दिवशी दुपारी साखळी सुटली. तो गच्चीवर गेला, भिंतीवरून उडी मारली आणि बाजेवर अंथरलेल्या नानींच्या नऊवारीवर, ओल्या बिबड्यांवरून, न्यूफाउंडलंडच्या समुद्रात पोहावं तसा आरपार पोहला.

"व माय! माह्या बिबड्यायचं वाटोळं केलं या मेल्यानं!"

मी धावलो. माझ्या डोक्यात त्या क्षणी कुत्रा नव्हता, पुरावा होता. त्याच्या तोंडात अर्धं बिबडं दिसत होतं. मुद्देमाल तोंडातून काढून घेतला तर नुकसान सिद्ध होणार नाही, असा काहीतरी वकिली विचार माझ्या मनात चमकला. मी अंगठा आणि तर्जनी घालून बिबडं ओढलं. बुरन्यानं आयुष्यात कोणाला चावलेलं नव्हतं. पण त्यानंही आयुष्यात पहिल्यांदाच बिबडं चाखलं होतं.

रक्त बघून आधी भिंतीपलीकडून नानीच धावल्या, साबण घेऊन. नळाखाली अंगठा धरून त्यांनी घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतला. हळद नाही, मिरची नाही, चुना नाही. साबण आणि वाहतं पाणी. सिस्टरनं नंतर हेच सांगितलं, की एवढं केलंत ते बरं केलंत. लस आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी; रक्त आलंय म्हणून जखमेभोवती वेगळं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात सगळं फुकट. आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. ते दहा दिवस मी त्याच्यावर आणि तो माझ्यावर नजर ठेवून होता. त्याच्या नजरेत संशय जास्त होता.

संध्याकाळी नाना आले. अंगठ्याकडे बघून म्हणाले, "आते केस कोनावर ठोकनार, भाऊ?"

मागोमाग त्यांची नात आली. जळगावला लॉ करते. हातात परिपत्रक, अख्खं. माझ्या फाईलशेजारी तिनं ते ठेवलं तेव्हा माझी फाईल लग्नपत्रिकेएवढी दिसायला लागली.

"आजोबा, ही पानं तुम्ही वाचली नाहीत वाटतं."

नव्हती वाचली. दोन रुपये वाचवले होते. त्या पानांत मालकानं काय करायचं ते होतं: लसी वेळेवर द्या, बाहेर नेताना पट्टा धरा, त्यानं केलेली घाण उचला, आणि भुंकण्यावरून हाकलता येत नसलं तरी, विशेषतः रात्री, तो शांत राहावा म्हणून होईल तो प्रयत्न करा. घाणीचा मुद्दा आला तसा मी छताकडे बघितलं. पहाटे पाचला बुरन्या नानांच्याच फाटकासमोर बसायचा आणि मी तेवढ्यापुरता सूर्योदय बघायचो.

पोरगी थांबली नाही. भारतीय न्याय संहिता, कलम 291. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून खबरदारी न घेणं: सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हेच कलम 289 होतं, दंड 1,000. मी म्हणालो, "अशा केसमध्ये आत कोणी जातं का?" तिनं सांगितलं, जातं. मुंबईत 2010 मध्ये एका रॉटवायलरनं एकाला चावलं. गिरगावच्या न्यायालयानं 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. मी मनात हिशेब केला. आपल्याकडे खटला कुत्र्यापेक्षा जास्त जगतो.

"आता तुमच्या केसमध्ये," ती म्हणाली, "फिर्यादी तुम्ही, आरोपी तुम्ही, आणि साक्षीदार आमची आजी. बिबड्यांचं दिवाणी, अंगठ्याचं फौजदारी."

फौजदारी म्हटलं की खानदेशी माणसाला आधी डाळ आठवते. मला तर भूकच लागली. पण बायको चुलीकडे न जाता दारात उभी राहून लक्ष देऊन ऐकत होती. 40 वर्षांत माझ्याविरुद्ध इतकं मुद्देसूद बोलणारं तिला कोणी भेटलं नव्हतं.

"आणि ही साखळी?" पोरीनं खुंटीकडे बोट केलं. 1960 चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, कलम 11. कुत्रा कायम बांधून ठेवायचा आणि त्याला पुरेसं फिरवायचं नाही, हाही गुन्हाच. पहिल्या वेळेचा दंड 10 ते 50 रुपये. मला हायसं वाटलं. एवढ्यात आज स्टेशनबाहेर धड शेवभाजीसुद्धा येत नाही. मी खिशात हात घातला आणि म्हणालो, "हे घे 50. झालं ना? गुन्हा मिटला?"

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला.

"यात्रीगण! यात्रीगण!"

पोरीनं मान वळवली. पिंजऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पिंजऱ्याकडे.

"आजोबा, हा आपला देशी पोपट ना? मानेला कंठी असलेला?"

"हो. का?"

"वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. आपल्याकडचा पोपट पाळताच येत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही." आणि वर म्हणाली, "मी तक्रार नाही करणार हं. नुसतं सांगितलं."

हे 'नुसतं सांगितलं' फार वाईट. तक्रार झाली असती तर मी लढलो असतो. कुत्र्याच्या हक्कांसाठी पारावर घटना वाचून दाखवणारा माणूस नऊ वर्षं ओसरीवर एक कैदी टांगून त्याला डाळ आणि हिरवी मिरची घालत होता, आणि आल्यागेल्याला सांगत होता, "घरच्यासारखाच आहे." घरच्यासारखा कसला? घरचे निदान कंटाळले की माहेरी तरी जातात.

वन विभागाला मीच फोन केला. वनरक्षक आला, पिंजरा ताब्यात घेतला. इतकी वर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकदम सोडून चालत नाही, आधी तपासतात, उडायची सवय करतात, असं त्यानं समजावून सांगितलं. बायकोनं मिठूला शेवटची मिरची दिली. जीप सुरू झाली तसा तो आतून ओरडला, "यात्रीगण!" पुढचं 'कृपया ध्यान दें' एवढं आम्हालाच समजलं. बायको डोळे पुसत आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी नियमापुरतंच बोलली.

पुण्याहून लसीचं कार्ड मागवून घेतलं. लस वेळेवर दिलेली निघाली. पट्टा आणला. पहाटे हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन निघतो. सूर्योदय बघायचं सोडलं. रात्री त्याला मधल्या खोलीत घेतो, खिडक्या लावून. त्यामुळे नागपूरकडच्या गाड्या निरोपाविना जातात आणि कूलर आता रीतसर त्याच्या नावावर झाला.

राहिलं दिवाणी. मी नानींना पैसे देऊ केले. त्यांनी हात झटकला. "पैशाचं काय करू? बिबडे द्या." म्हणून पुन्हा पाच किलो ज्वारी, पुन्हा पहाटे चार वाजता. या वेळी घाटायला आमची बायको आणि राखणीला मी. दहा ते चार, गच्चीवर, हातात काठी, डोक्यावर उपरणं, अंगठ्याला पट्टी. खाली कूलरचा घरघर आवाज येत होता आणि त्यातून बुरन्याचं घोरणं. सगळे हक्क खाली गारव्यात झोपले होते. जबाबदारी वर छत्री धरून बसली होती.

जरा डोळा लागला असेल नसेल, भिंतीपलीकडून नानींचा आवाज आला.

"भाऊ! कावळा!"