थेंबे थेंबे

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आपल्याकडे फारसा मान नाही. बायपासवाल्याला भेटायला लोक सफरचंदं घेऊन येतात, मोतीबिंदूवाल्याला जिन्यातच गाठून म्हणतात, "झालं का? पंधरा-वीस मिनिटांचं तर काम!" आणि ते खरंच असतं. भूल थेंबांची, चीर दोन-तीन मिलिमीटरची. जुनं भिंग अल्ट्रासाऊंडने फोडून ओढून घेतात, नवं घडी घालून आत सोडतात आणि ते आपलं आपण उलगडतं. टाकासुद्धा नाही. चारचौघांत दाखवायला जखमच नसेल, तर ऑपरेशनला अर्थ काय?

ही युक्ती अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन या डॉक्टरला दंतवैद्याच्या खुर्चीत बसून, दात साफ करायचं यंत्र बघताना सुचली. १९६७मध्ये त्याने ती माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा वापरली. त्या खुर्चीत मला फक्त कुलदैवत सुचतं.

माझी पत वाढवली ती ऑपरेशननंतर चढलेल्या डोळ्यातल्या प्रेशरने. तपासणीत निळा दिवा डोळ्याला टेकवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अठ्ठावीस. एकवीसच्या आत हवं." मला दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, उलट समोरच्या गॅलरीत वाळणाऱ्या बनियनची भोकं मोजता येत होती. पण प्रेशरची खोड हीच. ते बोलत नाही. फार काळ चढून राहिलं, तर डोळ्यामागची नस हळूहळू मरते, कडेची नजर आधी जाते आणि पत्ता लागेपर्यंत काचबिंदूने घर केलेलं असतं. गेलेली नजर मग परत येत नाही.

कारण निघालं ते औषधच. सूज उतरवायचे स्टेरॉइडचे थेंब काहींचं प्रेशर चढवतात. त्यावर उतारा म्हणून आणखी एक बाटली.

"दमा आहे का?" बाईंनी विचारलं.

"जिना चढताना असतो."

"तो दमा नाही, ते वजन."

प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. हे टिमोलॉलचे थेंब डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात उतरतात, दमेकऱ्याला ते बाधू शकतात. म्हणून थेंब घातला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, आणि दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर.

थेंबखातं अर्थातच हिच्याकडे गेलं. मोबाइल कोकलला की मी आढ्याकडे बघत आडवा. पहिला थेंब भुवईवर, दुसरा मिशीत.

"अहो, डोळा उघडा!"

"उघडाच आहे."

"मग मी बघतेय तो कुणाचा?"

मिशी मात्र त्या आठवड्यात अत्यंत निरोगी होती.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे योगवाले काका आले. म्हणाले, प्रेशरला शीर्षासनासारखा उपाय नाही. बाईंना विचारलं, तर त्या खुर्चीतून उठल्याच. उलटं उभं राहिलं की डोळ्यातलं प्रेशर जवळपास दुपटीने चढतं म्हणे. काकांना हे सांगितल्यापासून ते मला जिन्यात ओळख देत नाहीत.

पुढच्या तपासणीला बाई म्हणाल्या, "श्वास रोखू नका, कॉलर सैल करा. त्यानेही आकडा फुगतो." मग निळा दिवा, आणि "सोळा!"

"थेंब मी घालत होते," ही म्हणाली.

शाबासकी हिला मिळाली. मला दुसऱ्या डोळ्याची तारीख.