शाई न लागलेला मतदार

कौन्सिलच्या पाकिटावर माझं नाव नव्हतं, नुसतं ‘या घरात राहणाऱ्यास’ असं होतं. तरीही लंडनमध्ये बूड टेकतंय न टेकतंय तोच सरकारने आपली दखल घेतली, या आनंदात मी ते जिन्यातच फोडलं. घरात कोण कोण राहतं ते मतदार यादीसाठी कळवा, न कळवल्यास 1,000 पौंडांपर्यंत दंड!

“दखल चांगलीच घेतलीय,” बायको म्हणाली.

भारतीय पासपोर्टवाल्याचा इथल्या मताशी काय संबंध? तर आहे. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असला की मतदार, आणि तोही थेट पार्लमेंटचा. मी लगेच ताठ बसलो. 1892 साली दादाभाई नौरोजी फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या 5 मतांनी निवडून आले होते, हे बायकोला ऐकवलं. “तू आधी फॉर्म भर, दादाभाई,” एवढंच उत्तर आलं.

चीड येते ती वेगळीच. इथे घरबसल्या मतदार व्हा म्हणून मागे लागतात. मिरजेत मत द्यायचं तर फॉर्म 6अ भरा आणि मतदानादिवशी पासपोर्ट घेऊन मिरजेच्याच केंद्रावर हजर व्हा. विमानाचं तिकीट अर्थातच आपलं.

फॉर्मवर आधीच्या भाडेकरूंची नावं छापलेली होती. राहत नसतील तर काट मारा. मिरजेच्या यादीत आई अजून आहे, बाबांच्या लगेच खाली. बाबा मास्तर, अर्धी हयात इलेक्शन ड्युटीत गेली, यादीतली वेलांटी चुकली तरी त्यांना झोप येत नसे. पण नाव कमी करायचा फॉर्म 7 काही ते भरत नाहीत. “बघू पुढच्या वेळी,” म्हणतात. मी कधी आग्रह केला नाही. त्या अनोळखी भाडेकरूंवर मात्र पट्टी लावून काट मारली.

आता शाईबद्दल. सिल्व्हर नायट्रेटची ती शाई 1962 पासून म्हैसूरच्या कारखान्यातून देशभर जाते. ऊन लागलं की काळी पडते आणि नख वाढेपर्यंत हटत नाही. लिंबू, रॉकेल, पपईचा चीक, सगळे उपाय आमच्या गल्लीत होऊन गेलेत. आणि मतदानानंतरचा आठवडाभर बाबा चहाचा कप असा धरायचे की डावी तर्जनी दुकानाच्या पाटीसारखी समोर यावी.

4 जुलै 2024 ला मी चर्चच्या हॉलमध्ये पासपोर्ट दाखवला, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली आणि कोरडाच बाहेर आलो.

“बोट दाखव,” बाबा व्हिडिओ कॉलवर.

“इथे शाई नसते, बाबा. यादीत नावावर रेघ मारतात.”

“आणि मत कशाने दिलंस?”

“पेन्सिलीने.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “पेन्सिलीने,” ते आतल्या कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले, “आणि दीडशे वर्षं राज्य केलं आपल्यावर.”

पण पुराव्याविना लोकशाही मलाही पचेना. मुलीचा काळा मार्कर घेऊन नखापासून खालपर्यंत झकास रेघ ओढली, फोटो स्टेटसला टाकला. मिरजेहून अंगठ्यांचा पाऊस पडला. मार्कर मात्र म्हैसूरच्या तोडीचा निघाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई कळवळून म्हणाली, “अरेरे, दारात सापडलं का बोट?”

मी हो म्हणालो. तिने धावत जाऊन बर्फ आणला, आणि मी तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोटाला लावून बसलो.