रिपोर्ट नॉर्मल, काकू आजारी

गुरुवारी मावळातल्या शिरगावात गाडी लावायला जागा मिळत नाही. प्रतिशिर्डीच्या साईमंदिरात पिंपरी-चिंचवडहून, तळेगावहून माणसं येतात, कितीतरी जण पायी येतात. मागच्या गुरुवारी रांगेत माझ्यापुढे एक काकू होत्या. एका हातात हार, दुसऱ्या हातात मेडिकलवाल्याची पिशवी. रांग हलेना, तेव्हा त्यांनी पिशवीतली फाइल काढून मलाच दाखवली. दोन वर्षांत तीन ईसीजी, एक टूडी इको, पोटाची सोनोग्राफी, एन्डोस्कोपी. तक्रार काय? छातीत धडधडतं, पोटात आग पडते, बोटांना मुंग्या येतात, रात्री दोनला टक्क जाग येते. प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच शब्द : नॉर्मल.

"सगळं चांगलं आहे म्हणतात. मग मी काय नाटक करते का?"

झोप कधीपासून गेली, असं मी विचारलं. "मालक गेले तेव्हापासून."

हे डॉक्टरांना सांगितलंत?

"त्यांनी विचारलंच नाही. आणि ते काय दुखणं आहे का सांगायला?"

नळी जठरापर्यंत पोचली. घरात काय घडलं इथपर्यंत कुणी पोचलं नाही.

मी डॉक्टर नाही, पण एवढं समजून घेतलं आहे की काकूंची एकही तक्रार खोटी नाही. दुःख आणि काळजी मुरली की शरीर सतत धोक्याच्या तयारीत राहतं. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात धावतं, पचन बिघडतं, झोप उडते. मुंग्यासुद्धा खऱ्याच. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटं झिणझिणतात. ईसीजीच्या पट्टीवर यातलं काय उमटणार? ईसीजी काढू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. छातीत दुखलं तर तो काढायलाच हवा, तोही ताबडतोब. पण पट्टी नॉर्मल आली म्हणून "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणणं ही पेशंटची फसवणूक आहे.

गोव्यात हे फार पूर्वी नीट तपासून झालं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे 'संगत' ही संस्था सुरू केली. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन बायका दवाखान्यात येतात आणि जंतुसंसर्ग समजून त्यांना गोळ्या मिळतात. पटेल यांच्या गटाने गावातल्या बायकांची तपासणी केली, तेव्हा त्या तक्रारीचं नातं जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट निघालं. नुसत्या अँटिबायोटिकने त्यांचं दुखणं कसं जाणार होतं?

पुढे याच मंडळींनी आणखी मोठं काम केलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी दवाखान्यांत बसवलं. निराशा आणि चिंतेच्या रुग्णांशी ते बोलायचे, आजार समजावून सांगायचे, पाठपुरावा करायचे. गरज लागली तर औषध डॉक्टर देत. सरकारी आरोग्य केंद्रांत या रुग्णांचं बरं होण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा स्पष्ट जास्त आलं. २०१० साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. म्हणजे गावोगावी मानसोपचारतज्ज्ञ नाही, ही सबब तेव्हाच संपली. आमच्या मावळात ते का होत नाही, हा माझा प्रश्न आहे.

मावळाला तर हे शिकायला परगावी जायचीही गरज नव्हती. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी याच तालुक्यात, लोणावळ्याला, कैवल्यधाम उभं केलं. नौली आणि उड्डियान करताना पोटाच्या आत काय होतं, हे त्या माणसाने एक्स-रे लावून पाहिलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून छापलं. मनाची साधना आणि शरीराची मोजमापं त्यांनी एकाच प्रयोगशाळेत आणली. त्याला शंभर वर्षं उलटली. आम्ही मात्र अजून पेशंटला विचारतो : दुखणं खरं आहे की मनाचं?

डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. त्यावरचं त्यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक मराठी घराघरांत वाचलं गेलं. रक्तवाहिनीइतकाच स्वतःच्या धावपळीचा आणि ताणाचा हिशेब त्यांनी त्यात मांडला. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने हार्ट अटॅकच्या नऊ मुख्य कारणांत सिगारेट, रक्तदाब आणि मधुमेहाच्या जोडीला मानसिक-सामाजिक ताण ठेवला. आपण तेल आणि मीठ तेवढं उचललं. ताणाचं पान उलटून टाकलं.

हा ताण बघायचा तर तळेगाव-चाकणच्या एमआयडीसीतली पोरं बघा. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. शरीराचं घड्याळ जरा स्थिरावतं तोवर शिफ्ट बदलते. झोप मोडली की भूक बिघडते, साखर चढते, चिडचिड वाढते. चिडचिडीपायी घरात भांडण होतं आणि भांडणापायी उरलीसुरली झोपही जाते. सुपरवायझर म्हणतो कामात लक्ष नाही, बायको म्हणते घरात लक्ष नाही. पोराला झोप हवी आहे, हे दोघांपैकी कुणी बोलत नाही.

आता उलटी बाजू, आणि ही मला जास्त टोचते. सून दिवसभर मरगळलेली असते, वजन वाढतं, केस गळतात, कशात मन लागत नाही. घरचे म्हणतात आळशी आहे, शेजारचे म्हणतात डिप्रेशन असेल. थायरॉइड मंदावलं तर नेमकं हेच होतं. बी-१२ कमी पडलं तरी उदासी येते, विसराळूपणा येतो. एका साध्या रक्ततपासणीत जे कळलं असतं त्यासाठी एखादी बाई वर्षानुवर्षं बोलणी खाते.

आणि ज्याच्यावर मनोरुग्णाचा शिक्का एकदा बसला, त्याच्या शरीराकडे तर कुणी बघतच नाही. तो म्हणाला दम लागतो, तर उत्तर ठरलेलं : "याचं नेहमीचंच आहे." गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले पुष्कळ मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. मनोविकारावरच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. म्हणून अशा माणसाचं बीपी आणि शुगर जास्त काळजीने बघायला हवं.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. शारीरिक आजाराच्या रुग्णाला जी वागणूक मिळते तीच मानसिक आजाराच्या रुग्णाला मिळाली पाहिजे, विम्यातसुद्धा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. माझी मागणी याहून कितीतरी लहान आहे. मावळातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि खासगी दवाखान्याच्या केसपेपरवर वजन आणि बीपीच्या खाली आणखी तीन ओळी छापा. झोप लागते का? गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का? नेहमीच्या आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या का? तीन प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही. मन बिघडल्याचं वाटलं तर पुढे पाठवा. पाठवण्याआधी थायरॉइड आणि बी-१२ बघा.

काकूंना मी दर्शनाच्या रांगेतून बाहेर काढलं नाही. देवापुढे मन मोकळं होतं, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण नवरा गेल्याचं दुःख फक्त साईबाबांनाच सांगता यावं आणि इतक्या डॉक्टरांपैकी एकालाही नाही, हे मला मान्य नाही. त्यांच्या फाइलच्या पाठीवर मी पेनाने एक नंबर लिहून दिला. तो तुम्हीही लिहून ठेवा : १४४१६. सरकारची 'टेलि-मानस' सेवा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.